निळ्या मशीनवरचं पुस्तक

डाळज, ता. इंदापूर
२५ नोव्हेंबर १९९९

प्रिय माधवी,

सप्रेम जयभीम.

तुझ्या मागच्या तिन्ही पत्रांत एकच प्रश्न आहे आणि तिन्ही वेळा मी त्याला बगल दिली. ते निळं मशीन खऱ्या कामाला पुरतं का? पडदा, मेंदू, आवाज, सगळं एकाच डब्यात कोंबलेल्या कॉम्प्युटरवर छापून लोकांच्या हातात जाणारं, जबाबदारीचं काम होतं का, की तुझे यजमान म्हणतात तसा तो घरी बसून पत्रं लिहिण्यापुरताच असतो? माधवी, मला याचं उत्तर येत नाही. महिनाभर रोज विचार करते आहे. सकाळी वाटतं पुरतं, संध्याकाळी वाटतं हा प्रश्नच मला झेपणारा नव्हता. म्हणून उत्तर न देता, काय काय झालं ते सगळं लिहिते. तू तिकडे वाचून ठरव.

पुस्तक झालं. आधी हे सांगते, कारण तू जाताना माझ्याकडून तेवढंच वचन घेतलं होतंस. दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तनदिनी, पळसदेवला समाजमंदिरापुढं मांडव घालून प्रकाशनही झालं. पाचशे प्रती. त्यातली एकही मी तुला पाठवली नाही, याचा तुला राग आला असेल. थोडं थांब.

बी.ए. झाल्यावर मी चार वर्षं बारामतीच्या छापखान्यात अक्षरजुळणीला बसले, ते तू पाहिलंच आहेस. तुझं लग्न ठरलं तेव्हा तुझी पत्रिकाही मीच जुळवली होती. तिथल्या तयार नमुन्यांत वर कुलदैवत, मुलाच्या नावामागे चि., वारलेल्या आजोबांच्या नावामागे कै., असं सगळं ठरलेलं असायचं. आमच्या वस्त्यांवरची माणसं यायची, नमुन्यावर बोट ठेवून "ह्योच द्या" म्हणायची, आणि छापलेली पत्रिका गावात गेली की त्यांनाच बोलणी बसायची. कारण कैलास आणि स्वर्ग आम्ही छप्पन सालीच मागे ठेवले. आमच्यात गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. जो आहे तो आयुष्मान, जी आहे ती आयुष्मती, आणि दोघांना थोडक्यात आयु. मी त्या शब्दांचा वेगळा नमुना जुळवून भिंतीवर लावला तेव्हा मालक ऋषिराज म्हणाला होता, "रश्मीताई, तालुक्याचं गिऱ्हाईक वाढवलंत तुमी." त्याला गिऱ्हाईक दिसलं. मला मात्र वाटलं होतं, आपण शिकलो त्याचं काहीतरी झालं. दोन शब्द का होईना, त्यांच्या जागेवर बसवले. इतका अभिमान मला पदवीचाही नव्हता.

आणि तिथे हिंदुराव होते. खिळे जुळवायच्या काळापासूनचे मुद्रितशोधक, नाकाच्या टोकावर चष्मा आणि खिशात तंबाखू. त्यांची पद्धत तुला आठवते? एकानं छापील प्रूफ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. नुसते शब्द नाही, "स्वल्पविराम, चि. पुढं टिंब, कंसात सकाळी कंस पुरा" असं सगळं. तू एकदा बसून ऐकलंस आणि हसून हसून तुला ठसका लागला. मलाही ते तेव्हा खुळ्यासारखंच वाटायचं. कॉम्प्युटर आल्यावरही दोन माणसं एका पत्रिकेला कशाला, असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, "ताई, जुळवणाऱ्याला आपलं ल्याकरू समदं देखणंच दिसतं. वाचाया परका माणूस लागतो."

मग गेल्या डिसेंबरात तू परदेशाहून आलीस आणि ते निळं मशीन आमच्या घरात ठेवून गेलीस. टेबल नव्हतं, म्हणून दादांनी लोखंडी पेटी भिंतीला लावून दिली आणि त्यावर आईनं धुतलेलं लुगडं अंथरलं. वायर एक, बटण एक. माझ्यासाठी केवढी गोष्ट होती ती! छापखान्यात चार खोके आणि सतरा वायरी, आणि त्यातलं काहीही माझं नाही. हे सगळं एकात, आणि माझं. तू म्हणालीस, आता लोकांच्या पत्रिका बास झाल्या, स्वतःचं काहीतरी कर. मी जानेवारीत नोकरी सोडली. हिंदुरावांना सांगायला गेले तेव्हा जरा ताठ्यातच बोलले असेन. आता कुणी वाचायला नको, कुणी मूळ प्रत धरायला नको, लिहिणं, फोटो, जुळणी, मांडणी सगळं मी एकटीच करणार, असं काहीसं. ते नुसते "बरं हाय" म्हणाले.

तू गेलीस तेव्हा पुस्तकाची नुसती कल्पना होती. भिगवणच्या पोस्टात असतात ते सोमनाथकाका समितीचे अध्यक्ष झाले आणि कामाला लागलो. आपल्या तालुक्यात छप्पन-सत्तावनला ज्यांनी स्वतः उभं राहून दीक्षा घेतली, त्यांच्यापैकी ज्यांचा ज्यांचा माग लागला अशी अठ्ठावन्न माणसं. प्रत्येकाला एक पान. वर त्या काळातला फोटो, फोटोखाली बारीक अक्षरात नाव, आणि मग त्याच्याच बोलीत दहा-बारा ओळी. सतरा जण आधीच गेलेले होते, त्यांच्याबद्दल घरच्यांनी सांगितलं. एकेचाळीस जिवंत होते. काहींना दिसत नव्हतं, काहींना उठवत नव्हतं. पुस्तक यंदाच्या दसऱ्याला आलं नाही तर पुढच्या दसऱ्याला कुणाच्या हातात द्यायचं, हे सोमनाथकाका प्रत्येक बैठकीत बोलायचे. ही माणसं जगात असताना त्यांचं नाव नीट छापून त्यांच्या हातात पडावं, एवढंच मला करायचं होतं. त्यांच्यापैकी बहुतेकांचं नाव आजवर फक्त मतदारयादीत छापलं गेलं, तेही चुकीचं.

तू विचारतेस ना, ताकद होती का? ऐक. पळसदेवच्या साखराआजीचा एकही फोटो नव्हता. मी म्हटलं, आत्ता काढू. ती म्हणाली, "आत्ताचं काय काडतीस, वाळल्यालं वांगं? तवाचा पायजे मला." तवाचा म्हणजे सत्तावन साली दीक्षेनंतर सगळ्यांनी मिळून काढलेला एक फोटो सोमनाथकाकांच्या भिंतीवर आहे, त्यात मागच्या रांगेत ज्वारीच्या दाण्याएवढा तिचा चेहरा, त्यावर बुरशीचा डाग. मी तो तू दिलेल्या स्कॅनरवर घेतला, मोठा केला आणि नऊ दिवस बसून एकेक ठिपका पुसला. मशीन चार वेळा गोठलं. एक बदल केला की पडद्यावर उमटायला इतका वेळ लागायचा, की मधल्या वेळात मी भाकरी उलटून यायची. पण नवव्या दिवशी पडद्यावर चोवीस वर्षांची एक बाई होती. कपाळ मोठं, पदर घट्ट, आणि डोळे अगदी आत्ताच्या साखराआजीचे. मी तिला एसटीनं घरी आणून दाखवलं. ती किती वेळ बघत बसली. मग आईला म्हणाली, "लक्ष्मीबाई, तुमच्या टीव्हीत म्या हाय." त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की हे मशीन जगातलं कुठलंही काम करील.

अडचण बाहेर न्यायची होती. त्याला फ्लॉपी जात नाही, आणि गेली असती तरी ते फोटो फ्लॉपीत मावले नसते. माझी मराठी अक्षरं ऋषिराजच्या मशीनवर उघडली की नुसत्या फुल्या आणि प्रश्नचिन्हं. शेवटी ठरलं की पुण्याला, छपाईच्या प्लेटांसाठी पानांची फिल्म काढून देतात तिथे, मशीनच उचलून न्यायचं. वर मूठ आहेच. एसटीत शेजारच्या सीटवर चादरीत गुंडाळून ठेवलं. कंडक्टर म्हणाला, "ह्ये कोण? बाळंतीण?" मी म्हटलं, कॉम्प्युटर आहे. तो म्हणाला, "मग शाना असंल. फुल तिकीट लागंल." अख्खी गाडी हसली. मीही हसले. यवतपर्यंत मी त्याच्यावर हात ठेवून बसले होते आणि माझ्याइतकं सुखी त्या गाडीत कुणी नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी अंथुर्ण्याचे भिमातात्या गेले. तुमच्याच गावचे, तुझ्या आबांच्या विहिरीचं काम त्यांनी केलं होतं. म्हणजे त्यांच्या नावामागचं आयु. काढून कालकथित करायला हवं होतं. घरी त्या दिवशी वीज नव्हती. मी म्हटलं, पुण्यात करू. तिथे आमच्यामागे आणखी दोघं काम घेऊन उभे होते. पानं चाळत तात्यांपर्यंत जायचं तर प्रत्येक फोटो उमटेपर्यंत थांबावं लागलं असतं. म्हणून मी शोधून बदलायची चौकट उघडली, वर आयु. टाइप केलं, खाली कालकथित, आणि बटण दाबलं. पडद्यावरचं घड्याळ फिरायला लागलं. एक मिनिट, दोन मिनिटं, सात-आठ मिनिटं झाली. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, एका शब्दाला एवढा वेळ? घरगुती मशीन आहे हो हे तुमचं. असल्या कामाला नाही चालत." मागचे दोघं हसले. मला इतकी लाज वाटली मशीनची! मी म्हणाले, जरा हळू आहे, पण करतं. आणि मनात त्याची समजूत काढत होते की बाबा, एवढा एक शब्द बदल आणि माझी लाज राख.

मी कुठलं बटण दाबलं होतं ते तुझ्या लक्षात आलं असेल. एका जागी बदलायचं नव्हे, सगळीकडे बदलायचं. ते हळू नव्हतं, माधवी. ते सांगितलेलं काम करत होतं. एकेका पानावर जाऊन एकेका जिवंत माणसाला कालकथित करत होतं, आणि मी त्याच्या कमकुवतपणाची माफी मागत उभी होते. ते दुबळं आहे असं मी धरून चालले नसते, तर एका शब्दाला आठ मिनिटं कशी लागतील, एवढं तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

फिल्म हातात आली तेव्हा मी काचेच्या टेबलावर ठेवून तपासली. काय तपासलं? डोळे. बुरशीचे डाग. साखराआजीचा पदर. मी चेहरेच बघितले, त्यांच्यावरच तर नऊ महिने घालवले होते. बारामतीला छपाईला दिलं तेव्हा हिंदुराव बाहेर आले. "ताई, येक प्रत काडून वाचून घिऊ का? म्या वाचतो, तुमी धरा." मी म्हणाले, नको, फायनल आहे. हा शब्द मीच उच्चारला.

दसऱ्याला पुढच्या रांगेत खुर्च्या मांडून म्हातारी माणसं बसवली होती. दादांनी स्वतः प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक ठेवलं. पाटकरी म्हणून तीस वर्षं लोकांच्या शेताला पाणी सोडणारे दादा, पण त्या दिवशी त्यांची चाल वेगळीच होती. सोमनाथकाकांनी माइक घेतला आणि पहिल्या पानावरची समितीची नावं वाचायला लागले. "अध्यक्ष, कालकथित सोमनाथ..." आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "उपाध्यक्ष, कालकथित..." मग मांडवभर पानं उलटल्याचा आवाज. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, तुमी मेलाव तरी माइक सोडंना व्हय!" एक म्हातारबा म्हणाले, "समदेच ग्येलो म्हणा की. मग ही जेवणावळ कुणाची वो, आमचीच का?" हसण्याचा नुसता कल्लोळ उठला. शेवटच्या पानावर मांडणी आणि अक्षरजुळणी कालकथित रश्मी असंही छापलं होतं, तेही कुणीतरी वाचून दाखवलं. चाळीस जिवंत माणसं, समितीचे सात आणि मी.

मला वाटतं, मीही हसले असते. पण पुढच्या रांगेत भिमातात्यांच्या कौसल्याकाकू बसल्या होत्या. तात्यांना जाऊन पंधरवडा झाला नव्हता. त्या हसत्या मांडवात त्या उभ्या राहिल्या, पुस्तक मिटून काखेत घेतलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "माजं येकलीचंच बराबर छापलंय." आणि चालायला लागल्या. मी त्यांच्यामागे गेले नाही.

घरी ओट्यावर टेकल्यावर दादा एवढंच म्हणाले, "आमाला वाचता येत न्हाय म्हणून तर तुला शिकीवलं व्हतं." रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी पेन घेऊन घरोघर गेले. डाळज, पळसदेव, अंथुर्णे, निमगाव, जिथे जिथे आमची ही माणसं आहेत तिथे. त्यांच्यासमोर कालकथित खोडायचं, वर आयुष्मान किंवा आयुष्मती लिहायचं आणि माफी मागायची. बहुतेकांनी चहा पाजला. "म्या आदीच म्हणलं, दोन दिस भूक का लागंना" असं म्हणून हसले. एका घरी सुनेनं पुस्तक बाहेर काढलंच नाही. म्हणाली, "सासऱ्यांस्नी लई लागलंय वो. देव मानत न्हायती, शकुन मानत न्हायती, पर पुस्तकाला मानत्यात."

साखराआजी शेवटची राहिली. ती राहिली नाही, मीच तिला शेवटी ठेवलं. गुडघा सुजला म्हणून ती मांडवात आली नव्हती. त्याच संध्याकाळी मी तिला पुस्तक द्यायला गेले तेव्हा तिनं आधी फोटोवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वाच गं माजं पान." आणि मी वाचलं, "आयुष्मती साखरबाई..." पानावर नसलेला शब्द मी तिच्या तोंडाकडे बघत वाचला. दोन दिवसांनी तिनं निरोप धाडला, पावण्या आल्यात, पान वाचून दाखव. पुन्हा तेच. असं पाच वेळा. दर वेळी मी पेन घेऊन जायची आणि पेन पर्समध्येच ठेवून परत यायची. माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारं जगात एकच माणूस उरलं आहे, तेवढं तरी राहू दे, असं मला वाटायचं. स्वार्थच तो.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सहाव्यांदा गेले. "वाच गं," ती म्हणाली. मी वाचलं, "कालकथित साखरबाई." जसं छापलं होतं तसं. आणि रडायला लागले. ती काही वेळ तंबाखू मळत बसली. मग म्हणाली, "ठाव हाय मला. कौसल्या दुसऱ्याच दिशी सांगून ग्येली." मी विचारलं, मग मला पुन्हा पुन्हा का वाचायला लावलंस? "बगत व्हते, शिकल्याली बाय किती येळा लबाड बोलती. पाच झाल्या." आणि बोळक्या तोंडानं हसली. मी पेन काढलं. तिनं माझा हात धरून बाजूला सारला. "हातानं लिवल्यालं नगं. मोठ्या लोकांच्या नावाम्होरं छापून येतं, आन माज्याच म्होरं हातानं व्हय? जल्मभर साखरे, ए साखरे म्हणूनच हाका मारल्या समद्यांनी. नावाम्होरं मान लागला तो ह्यो असला. छापून आण मला." मी म्हटलं, आजी, पुन्हा छापणं माझ्या हातात नाही. ती म्हणाली, "मग कुणाच्या हातात हाय? आन बिगीबिगी आण. न्हायतर हेच पुस्तक खरं व्हईल."

तेव्हापासून तिला रोज ताप येतो आहे. डॉक्टर वयाचं सांगतात. मला काही सुचेनासं झालं, माधवी. समितीकडे पुन्हा कसं जाणार होते? त्यांना मीच बुडवलेलं. दादांकडे कसं मागणार? पुन्हा छापायला कागद लागतो, प्लेटा लागतात, फिल्म लागते, आणि माझ्याजवळ या जगात देण्यासारखी एकच वस्तू होती.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. अंथुर्ण्याहून आबांच्या पत्रातून तुला कळण्याआधी माझ्याकडूनच कळावं म्हणून. मी ऋषिराजकडे गेले. ते मशीन त्याच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून भरलं होतं. आत येणाऱ्या माणसाला दिसेल असं पुढं ठेवायला त्याला ते हवं होतं. मी म्हटलं, मशीन घे, आणि पुस्तक पुन्हा छापून दे, आतली सगळी पानं. तो म्हणाला, "ताई, भेट आल्याली वस्तू हाय, इच्यार करा." मी म्हटलं, केला. शेवटची दुरुस्ती त्यावरच केली, छापखान्यात बसून. हिंदुराव वाचत होते, मी मूळ कागदावर बोट धरून ऐकत होते. बहात्तर पानं, तीन दिवस, "आयु. पुढं टिंब" सकट. सतरा चुका निघाल्या. कालकथित सोडून, म्हणजे मला एकटीला कधीच न दिसलेल्या सतरा. ते एका शब्दानंही मला बोलले नाहीत. फक्त साखराआजीच्या पानावर थांबून म्हणाले, "हा फोटो लई चांगला निघालाय." मशीन पुन्हा पुण्याला नेऊन फिल्म काढून आणली, येताना ते शेवटचं घरी ठेवलं, प्लेटा झाल्या, शनिवारी बांधणी होऊन प्रती मिळतील. पहिली प्रत घेऊन मी तिथूनच पळसदेवला जाणार आहे. पुढच्या सोमवारपासून छापखान्यात पुन्हा कामाला लागते आहे, पत्रिकांच्या टेबलावर, सतरा वायरींच्या जुन्या मशीनवर.

तुझी भेट मी तुला न विचारता देऊन टाकली. विचारायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तू "नको" म्हणशील अशी भीती होती. तू नको म्हणाली असतीस तरी मी दिलंच असतं, म्हणून विचारलं नाही. काल दुपारी मी ते पेटीवरून उचललं, भिगवणवरून बारामतीला नेलं, ऋषिराजच्या पुढच्या टेबलावर ठेवलं, वायर जोडून चालू कसं करायचं ते त्याला दाखवलं आणि साडेतीनच्या गाडीनं घरी आले.

तुझीच,
रश्मी